सायलेन्सरची पिवळी लाइट लागली? सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

अंजनगाव सुर्जी : संत्रा, केळी किंवा कापूस भरून पिकअप निघते आणि अर्ध्या रस्त्यात मीटरवर पिवळी लाइट लागते. गाडी ओढ घेत नाही, चढावर दम टाकते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘सेन्सर गेला’ असं सांगितलं जातं. नवा नॉक्स सेन्सर किंवा धुराची जाळी घ्यायची म्हटलं, तर हंगामाची कमाई त्यात जाऊ शकते. पैसे खर्च करून आठ दिवसांत तीच लाइट पुन्हा लागली, तर समजावं की बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच. तो वायरीत, कपलरमध्ये, फ्यूजमध्ये किंवा अर्थिंगमध्ये होता.

ही तपासणी करायला मोठं मशीन लागत नाही. काही शे रुपयांचा मल्टिमीटर, स्वच्छ कापड, टॉर्च आणि थोडा धीर एवढं पुरे. अंजनगाव, दर्यापूर, अकोट, परतवाडा भागातल्या वाहनधारकांसाठी आणि गावातल्या वायरिंग मिस्त्रींसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

ही यंत्रणा गाडीत आली कधी?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाला. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं होतं की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही. नव्या नियमात डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. डिझेल कारच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत नॉक्सची, मर्यादा एका किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅम झाली. १ एप्रिल २०२३ पासून नियमाचा दुसरा टप्पा आला. त्यात गाडीने स्वतःच्या धुरावर स्वतः लक्ष ठेवायचं, हे आणखी कडक झालं.

ट्रॅक्टरमध्ये ५० एचपीपेक्षा जास्त ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ नियम लागला. ५० एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरला तो तेव्हा लागला नाही. म्हणून एकाच वाड्यात जुना ट्रॅक्टर साध्या पंपावर चालतो आणि शेजारची नवी पिकअप सेन्सरवर चालते. जुन्याचा हिशोब नव्याला लावला की घोळ होतो.

सायलेन्सरच्या लाइनीत काय काय असतं?

सगळ्या गाड्यांत सगळे भाग नसतात. पण नावं आणि कामं माहीत असावीत.

• ईजीआर व्हॉल्व्ह : थोडा धूर परत इंजिनात सोडतो, त्यामुळे नॉक्स कमी बनतो. तो मोटरवर चालतो आणि किती उघडला हे सांगायला आत सेन्सर असतो.

• डीपीएफ : काजळी अडवणारी जाळी. भरली की कॉम्प्युटर जास्त डिझेल देऊन सुमारे ६०० अंश उष्णतेवर काजळी जाळतो. याला रिजनरेशन म्हणतात.

• डिफरन्शियल प्रेशर सेन्सर : जाळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतो. त्याला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. जाळी किती भरली हे कॉम्प्युटरला यावरून कळतं.

• तापमान सेन्सर : सायलेन्सरच्या लाइनीत एक किंवा अनेक असतात.

• एससीआर : निळ्या झाकणाच्या टाकीतलं अ‍ॅडब्लू धुरात फवारून नॉक्स मारणारा भाग. त्याला पंप, हिटर, फवारणीचा इंजेक्टर आणि नॉक्स सेन्सर लागतात.

यातल्या एका तापमान सेन्सरची वायर तुटली, तर बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर रिजनरेशन बंद करतो. किती तापलं हेच कळत नसेल, तर तो डिझेल जाळायची जोखीम घेत नाही. मग जाळी भरत जाते, गाडीची ताकद कमी केली जाते आणि शेवटी जाळीच चोंदते. एका तुटक्या वायरीकडे महिनाभर दुर्लक्ष झालं, तर जाळी बदलायची वेळ येते.

लाइट लागली, आता गाडी चालवायची का?

पिवळी लाइट स्थिर असेल आणि इंजिनाचा आवाज नेहमीसारखा असेल, तर घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. लाल लाइट, तेलाची खूण किंवा इंजिन गरम झाल्याची खूण लागली तर तिथेच थांबावं. अ‍ॅडब्लू संपत आल्याची सूचना आली तर टाळू नये. बऱ्याच गाड्या टाकी रिकामी झाल्यावर एकदा बंद केल्या की परत चालू होत नाहीत.

रिजनरेशन चालू असताना सायलेन्सर भयंकर तापतो. अशा वेळी गाडी कुटाराच्या ढिगाजवळ, वाळल्या गवतावर, तुराट्या-पऱ्हाट्यांजवळ किंवा कापसाच्या गंजीला लागून उभी करू नये. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात आग लागायला एवढं कारण पुरेसं आहे.

पहिली पायरी : कोड वाचा, फोटो काढा

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. ब्लूटूथचं छोटं अ‍ॅडॉप्टर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप वापरून कार व छोट्या पिकअपचे बरेच कोड वाचता येतात. मोठ्या ट्रकमध्ये कोडची पद्धत वेगळी असते आणि बॅटरीही २४ व्होल्टची असते, तिथे त्याचाच स्कॅनर लागतो. मिस्त्रीकडे गेलात तरी कोड पुसण्याआधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोड पुसला की पुरावा गेला.

नेहमी दिसणारे काही कोड असे :

• पी २४५२ ते पी २४५५ : डिफरन्शियल प्रेशर सेन्सरचं सर्किट.
• पी ०५४४, पी ०५४५, पी ०५४६ : पहिल्या तापमान सेन्सरचं सर्किट.
• पी २२०० ते पी २२०३ : नॉक्स सेन्सरचं सर्किट.
• यू ०२९डी, यू ०२९ई : नॉक्स सेन्सरशी बोलणं तुटलं.
• पी ०४०३ : ईजीआरचं सर्किट. पी ०४०१ : ईजीआरमधून धूर कमी जातो.
• पी २४६३ : जाळीत काजळी भरली.
• पी २०७एफ : अ‍ॅडब्लूचा दर्जा बरोबर नाही.
• पी २०ईई : एससीआर नॉक्स नीट मारत नाही.

कोडचा अर्थ लावताना एक फरक लक्षात ठेवावा. कोडच्या वर्णनात ‘सर्किट’ शब्द असेल तर आधी वायर, कपलर आणि करंट तपासायचा. ‘काजळी भरली’, ‘धूर कमी’, ‘दर्जा बरोबर नाही’ असं असेल तर बिघाड बहुधा विजेचा नसतो. तिथे वायरिंग उचकण्यात अर्थ नाही.

‘सर्किट लो’ म्हणजे सिग्नल फार खाली गेला. बहुतेक वेळा वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलेली असते. ‘सर्किट हाय’ म्हणजे सिग्नल फार वर गेला. तापमान सेन्सरमध्ये बहुतेक वेळा वायर तुटली किंवा कपलर सुटला की असं होतं. कोड कोणताही असो, त्याने फक्त जागा कळते. कोणता भाग बदलायचा ते कोड सांगत नाही.

दुसरी पायरी : बॅटरी, फ्यूज, अर्थिंग

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२ व्होल्टची चांगली बॅटरी साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले पाहिजेत. यापेक्षा फार कमी असेल तर नॉक्स सेन्सरचा हिटर आणि अ‍ॅडब्लूचा पंप नीट चालत नाही, आणि नसलेले कोड दिसायला लागतात. आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दुरुस्त करा, कोड पुसा आणि मग पुन्हा बघा.

फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका. चावी ऑन करून फ्यूजच्या दोन्ही टोकांवर व्होल्ट मोजा. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर फ्यूज उडाला आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही टाकू नये. फ्यूज परत उडाला तर पुढे वायर शॉर्ट आहे असं समजावं. बऱ्याच गाड्यांत एकाच फ्यूजवर दोन-तीन भाग असतात. म्हणून दोन-तीन सेन्सरचे कोड एकदम आले तर सेन्सर बघण्याआधी फ्यूज आणि अर्थिंग बघायचं.

अर्थिंग तपासायची खरी पद्धत अशी : इंजिन चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सेन्सरच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनला मागून हलकं टेकवा. कपलर जोडलेलाच राहू द्या. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थचा बोल्ट गंजलेला आहे. तो खोला, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. वायर काढून नुसता बीप ऐकण्यापेक्षा ही तपासणी भरवशाची आहे. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, पण करंट वाहायला लागला की तीच वायर दगा देते.

तिसरी पायरी : कपलर आणि वायर

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मग कोड आलेल्या सेन्सरपासून वर इंजिनापर्यंत वायर हाताने चाचपत जा. आपल्या भागात वायर खराब व्हायची कारणं ठरलेली आहेत :

• उंदीर : गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ आठ-पंधरा दिवस उभी राहिली की वायर कुरतडतात.
• काळ्या मातीचा चिखल : पावसाळ्यात खालच्या वायरींना चिकटतो, वाळून कडक होतो आणि क्लिप तोडून वायर खाली लोंबवतो. लोंबणारी वायर मग सायलेन्सरला टेकून जळते.
• प्रेशरचं पाणी : वॉशिंग सेंटरवर थेट कपलरवर फवारा मारला की आत पाणी शिरतं.
• वेल्डिंग : कॅरिअर किंवा डाला वेल्डिंग करताना बॅटरी न सोडवणे.
• फोकस, हॉर्न, टेप : जादा लाइटसाठी इंजिनाच्या वायरिंगमधूनच करंट घेणे.
• अ‍ॅडब्लूचे पांढरे खडे : गळलेलं अ‍ॅडब्लू कपलरमध्ये शिरून तांबं खातं.

कपलर खोलून बघा. हिरवा किंवा पांढरा थर, वाकलेली पिन, सैल पडलेली पिन, फाटलेलं रबर हे सगळं डोळ्याला दिसतं. कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रेने साफ करा, सुकू द्या, परत ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. मग इंजिन चालू ठेवून वायर हलवत अ‍ॅपवर त्या सेन्सरचा आकडा बघा. वायर हलवली की आकडा उड्या मारत असेल तर बिघाडाची जागा सापडली.

कॉम्प्युटरच्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. बल्ब जास्त करंट ओढतो आणि त्यात कॉम्प्युटर जाऊ शकतो. वायरीचं आवरण सुईने टोचूनही बघू नये. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी वायर आतून सडलेली निघते.

चौथी पायरी : सेन्सर खरंच गेला का?

तापमान सेन्सर : ही सगळ्यात सोपी तपासणी. सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, चावी ऑन करा पण इंजिन चालू करू नका. अ‍ॅपवर सगळे तापमान सेन्सर बाहेरच्या हवेच्या आसपास दिसले पाहिजेत. बाहेर २८ अंश असताना एखादा उणे ४० किंवा हजाराच्या घरातला आकडा दाखवत असेल तर त्याचीच लाइन बिघडली आहे. आता तो कपलर काढा. आकडा लगेच दुसऱ्या टोकाला गेला तर वायर आणि कॉम्प्युटर बहुधा ठीक आहेत, सेन्सर खराब आहे. काहीच बदललं नाही तर वायरीत बिघाड शोधा.

डिफरन्शियल प्रेशर सेन्सर : याला बहुतेक वेळा तीन वायरी असतात. चावी ऑन करून कपलरमध्ये एका पिनवर ५ व्होल्ट आणि एका पिनवर अर्थ मिळाला पाहिजे. ५ व्होल्ट नसेल तर सेन्सर बदलून उपयोग नाही. त्याच ५ व्होल्टवर चालणारा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट असू शकतो. एकेक कपलर काढत जा, ५ व्होल्ट परत आले की दोषी सापडला. इंजिन बंद असताना दाबाचा आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर आधी दोन्ही रबरी नळ्या बघा. नळी फाटली, वितळली किंवा काजळीने बंद झाली तरी असाच चुकीचा आकडा येतो.

नॉक्स सेन्सर : हा महाग भाग आहे, म्हणून शेवटी बदलायचा. सेन्सर आणि त्याचा छोटा डबा एकत्रच येतात. मधली वायर कापू नये, लांब-आखूड करू नये. थंड इंजिनावर तो आकडा देत नाही, कारण आतला भाग हिटरने सुमारे ८०० अंश तापल्यावरच तो काम करतो. आधी डब्याच्या कपलरवर करंट आणि अर्थ मोजा. दोन्ही बरोबर असतील तर कॅन लाइनच्या दोन वायरी तपासा. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बऱ्याच गाड्यांत सुमारे ६० ओहम येतात. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना टेकल्या आहेत.

ईजीआर : पी ०४०३ आला तर मोटरचा कपलर आणि वायर बघा. पी ०४०१ आला तर व्हॉल्व्ह खोलून काजळी साफ करा. त्यात वायरीचा दोष नसतो.

वायर जोडायची कशी?

जुनी वायर सडलेली असेल तिथपर्यंत कापा, चकचकीत तांबं दिसलं पाहिजे. त्याच जाडीची, उष्णता सोसणारी वायर घ्या. सोल्डर किंवा चांगला क्रिम्प करा, वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पहिल्या पावसातच दगा देते. कॅनच्या दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या असतात, जोडल्यावर तशाच परत पिळा. वायर सायलेन्सरपासून लांब नेऊन क्लिपने बांधा.

बॅटरी सोडवायची असेल तर चावी बंद केल्यावर दोन-चार मिनिटं थांबा. अ‍ॅडब्लूचा पंप तेवढ्या वेळात नळी रिकामी करतो. लगेच बॅटरी काढली तर आत खडे धरतात.

सगळं झालं की कोड पुसा आणि जाळी साफ होण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा. रोज शेत ते मार्केट यार्ड एवढीच पाच-सात किलोमीटर गाडी चालत असेल तर सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा परतवाडा किंवा दर्यापूरची फेरी उपयोगी पडते. मात्र तापमान किंवा प्रेशर सेन्सरचा कोड बाकी असताना स्कॅनरने जबरदस्तीने रिजनरेशन करू नये.

शेतीचा युरिया टाकीत टाकू नका

अ‍ॅडब्लूमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ‘मग पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवला तर काय होतं?’ असं अनेकांना वाटतं. २०१५ पासून देशातला शेतीचा युरिया नीमकोटेड आहे. त्याचं तेल आणि इतर घटक पंप, इंजेक्टर आणि एससीआर खराब करतात. बोअरच्या पाण्यातले क्षारही तेच करतात. शिवाय अनुदानाचं खत शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला बंदी आहे. डब्यावर ‘आयएसओ २२२४१’ लिहिलेलं बघूनच घ्या, सावलीत ठेवा. उन्हात ठेवलेला डबा लवकर खराब होतो.

‘डिलीट मारून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

जाळी आतून फोडून, ईजीआर बंद करून, सॉफ्टवेअर बदलून लाइट घालवून देणारे भेटतात. लाइट जाते, पण वायरीतला बिघाड तसाच राहतो. पुढे खरा बिघाड झाला तर गाडी सांगणारच नाही. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे प्रदूषणाचा नियम मोडल्यास पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन्स रद्द अशी तरतूद आहे. सॉफ्टवेअरने धूर लपवण्याची लबाडी फोक्सवॅगनसारख्या मोठ्या कंपनीने केली, तीही २०१५ मध्ये अमेरिकेत पकडली गेली.

आणि धूर शेवटी आपल्याच गल्लीत, आपल्याच लेकरांच्या नाकात जातो. डिझेल गाडीच्या नेहमीच्या पीयूसी तपासणीत धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजत नाहीत. म्हणून पीयूसी पास झाली म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही.

मिस्त्रीला हे चार प्रश्न विचारा

१. कोड कोणता आला? फोटो दाखवा.
२. सेन्सरच्या कपलरवर करंट किती आला? अर्थ किती आला?
३. वायर हलवून बघितली का?
४. नवा सेन्सर लावूनही लाइट परत लागली तर काय करणार?

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. वॉरंटी संपली असेल तर क्रम सोडू नका : बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, कपलर, वायर आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. जो मिस्त्री मल्टिमीटर हातात घेतो आणि आकडा दाखवून मग भाग सांगतो, त्याच्याकडे गाडी द्यायला हरकत नाही.